‘अ ख्रिसमस कॅरोल’ खरंच सहा आठवड्यांत लिहिलं गेलं का?

प्रश्न असा आहे : चार्ल्स डिकन्सने ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हे नाताळचं सर्वांत गाजलेलं पुस्तक पैशांच्या अडचणीत असताना अवघ्या सहा आठवड्यांत लिहून काढलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. यात तथ्य किती? आणि पुस्तक हातोहात खपलं तर त्याच्या पदरात फारसं काही का पडलं नाही?

सहा आठवडे खरे आहेत, पण लेखणी कागदाला लागली तिथून मोजले तर. गोष्टीमागचा राग त्याच्या आधी सात महिने साठत होता आणि तिचा सांगाडा तर सात वर्षांपूर्वीच त्याच्या हातून एकदा घडून गेला होता. पैशांची ओढाताणही खरी. पैसे का मिळाले नाहीत, याचं उत्तर मात्र प्रकाशकाच्या हिशेबात पेन्सापर्यंत लिहिलेलं आहे. ते पुढे सविस्तर देतो, कारण एरवी या भागाची बोळवण एका वाक्यात केली जाते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत. लंडनमधला एबेनेझर स्क्रूज हा चिकट, माणूसघाणा व्यापारी. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार मार्ले याचं भूत येतं. पाठोपाठ भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य यांचे तीन आत्मे येऊन त्याला त्याचंच आयुष्य दाखवतात. सकाळी उठतो तो बदललेला माणूस. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आणि बॉबचा कुबडी घेऊन चालणारा मुलगा टायनी टिम हे या बदलाचे लाभार्थी.

आता सुरुवात. १८४३च्या फेब्रुवारीत बालमजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल आला. पहिला, १८४२चा, खाणींवरचा होता. त्यानंतर बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला कायद्याने बंदी आली. दुसरा अहवाल कारखाने आणि कारागिरीच्या धंद्यांमधल्या मुलांवरचा होता. आयोगाच्या चार सदस्यांपैकी एक, डॉ. साउथवुड स्मिथ, यांनी त्याची प्रत डिकन्सकडे पाठवली. ती वाचून तो हादरला. ६ मार्चला त्याने स्मिथना कळवलं की गरिबाच्या मुलाच्या वतीने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारं एक स्वस्त पत्रक लिहायचा त्याचा विचार आहे. चारच दिवसांनी दुसरं पत्र गेलं : पत्रक आता नाही, वर्षअखेरीस दुसरं काहीतरी करतो, आणि ते आलं की घणाचा घाव पत्रकाच्या वीस हजारपट जोराने बसला असं तुम्हाला वाटेल.

या चार दिवसांत झालेला निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा, असं माझं मत आहे. पत्रक वाचतो तो आधीच पटलेला माणूस. डिकन्सला वाचक हवा होता तो न पटलेला, खाऊनपिऊन सुखी, ‘तुरुंग आहेत, वर्कहाऊस आहेत, मग आणखी मी काय करू’ म्हणणारा. १८३४च्या गरीब कायद्याने मदत मागणाऱ्याला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे मुद्दाम कठोर ठेवलेल्या सरकारी आसऱ्यात, ढकलायची व्यवस्था केली होती. तिथे नवरा-बायकोला वेगळं ठेवत. आणि माणसं वाढतात तेवढं अन्न वाढत नाही, हा अर्थतज्ज्ञ माल्थसचा सिद्धांत सुशिक्षितांच्या तोंडी रुळला होता. स्क्रूजच्या तोंडचं ‘जादा लोकसंख्या कमी होईल’ हे वाक्य तिथून आलेलं आहे. खलनायकासाठी डिकन्सला वेगळी भाषा बनवावी लागली नाही. त्या काळचे प्रतिष्ठित लोक जेवणाच्या टेबलावर जे बोलत तेच त्याने उचललं.

मार्च ते सप्टेंबर या विषयावर कागदावर काहीच उतरलं नाही. तेव्हा त्याचं ‘मार्टिन चझलविट’ मासिक हप्त्यांनी चालू होतं. एक हप्ता बत्तीस पानांचा, किंमत एक शिलिंग, मजकूर साधारण सोळा-अठरा हजार शब्द. हे दर महिन्याला, न चुकता. आणि ते नीट खपत नव्हतं. ‘निकोलस निकल्बी’चा हप्ता पन्नास हजारांच्या आसपास गेला होता, ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ लाखावर पोचलं होतं, आणि ‘चझलविट’ वीस हजारांवर अडकलं. नायकाला अमेरिकेला पाठवून पाहिलं तेव्हा खप जेमतेम तीन हजारांनी वाढला.

इथे पैशाचा मुद्दा येतो. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांशी झालेल्या करारात एक कलम होतं : खपातून उचल फिटत नसेल तर त्याच्या महिन्याच्या २०० पौंडांतून ५० पौंड कापायचे. जूनमध्ये हॉल यांनी त्या कलमाचा उल्लेख केला आणि डिकन्स बिथरला. घरी चार मुलं, पाचवं जानेवारीत येणार, आईवडिलांचा आणि भावंडांचाही भार त्याच्यावरच. तेव्हा ‘पैशासाठी लिहिलं’ हे म्हणणं चुकीचं नाही. फक्त ‘राग की पैसा’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. विषय मार्चमध्ये ठरला, निकड जूनमध्ये आली, आणि निकडीने विषय बदलला नाही, मुहूर्त पक्का केला.

सप्टेंबरमध्ये तो सॅफ्रन हिलच्या फील्ड लेन रॅगेड स्कूलला गेला. रॅगेड स्कूल म्हणजे चिंध्या पांघरलेल्या, कुठल्याच शाळेत न घेतल्या जाणाऱ्या मुलांसाठी धर्मादायावर चालणारे वर्ग. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला फेगिनचा अड्डा त्याने याच वस्तीत दाखवला होता, म्हणजे जागा ओळखीची होती. दानशूर वारसदार अँजेला बर्डेट-कूट्स यांनी या शाळेला मदत करावी का, हे पाहायला तो गेला होता, आणि १६ सप्टेंबरला त्याने त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. पुस्तकात वर्तमानाचा आत्मा आपल्या झग्याखालून दोन मुलं बाहेर काढतो, अज्ञान नावाचा मुलगा आणि अभाव नावाची मुलगी. ती फील्ड लेनची मुलं आहेत. दोघांत मुलाला जास्त भ्या असं आत्मा बजावतो तेही याच भेटीशी जुळतं. भूक दिसते, लोक चार पैसे टाकतात. निरक्षरता दिसत नाही आणि पुढे तीच अंगावर येते.

मग ५ ऑक्टोबर. मँचेस्टरचं अथेनियम ही कामकरी आणि नोकरदार वर्गासाठी वाचनालय आणि व्याख्यानं चालवणारी संस्था आर्थिक अडचणीत होती. तिच्या मदतीसाठी भरलेल्या समारंभाचा अध्यक्ष डिकन्स होता, वक्त्यांत कॉब्डेन आणि डिझरायली हे राजकारणी. या तीन दिवसांच्या मुक्कामातच गोष्टीची कल्पना सुचली असं त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर सांगतो. मँचेस्टरला त्याची थोरली बहीण फॅनी राहत असे आणि तिचा लहानगा मुलगा हॅरी सतत आजारी असे. टायनी टिमचं मूळ बहुधा तोच.

मँचेस्टरला नेमकं काय सुचलं असेल? भूत दाखवून माणूस सुधारण्याची युक्ती तर नक्कीच नव्हे, कारण ती त्याच्याकडे आधीपासून होती. १८३६च्या अखेरीस ‘पिकविक पेपर्स’च्या हप्त्यात त्याने गेब्रिअल ग्रब या कबरी खणणाऱ्या खडूस माणसाची गोष्ट घातली होती. नाताळच्या आदल्या रात्री स्मशानात पिशाच्चं त्याला धरतात, चित्रं दाखवतात, त्यांत एका गरीब घरातलं लहान मूल मरताना दिसतं, आणि ग्रब बदलतो. सांगाडा तोच. पण ती गोष्ट आज कुणाला आठवत नाही, आणि का आठवत नाही हे पाहिलं तर ‘कॅरोल’ कसं घडलं ते कळतं.

ग्रबला पिशाच्चं दाखवतात ती दुसऱ्यांची आयुष्यं. त्याचा आणि त्या घराचा काही संबंध नाही. पाहून तो वरमतो, एवढंच. स्क्रूजला दाखवलं जातं ते सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे : त्याची शाळा, त्याने गमावलेली वाग्दत्त वधू, त्याचाच पगारी कारकून, त्याचं प्रेत. टिम मेला तर तो स्क्रूजच्या पगारपत्रकामुळे मरणार आहे. शिवाय ग्रब खडूस का, याला कारण दिलेलं नाही. स्क्रूजला दिलेलं आहे, आणि ते आधी दिलेलं आहे. पहिला आत्मा भूतकाळाचा आहे ही मांडणी साधी वाटते, पण क्रम उलटा करून पाहा. आधी मरण दाखवलं असतं तर उरली असती निव्वळ धमकी. सुट्टीत शाळेच्या रिकाम्या वर्गात एकटा बसलेला मुलगा आधी दिसतो म्हणून वाचक स्क्रूजच्या बाजूला सरकतो आणि मगच त्याच्यावर घाव पडतात.

तो मुलगा कुठून आला, हे त्या वेळी वाचकांना माहीत नव्हतं. १८२४मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले त्याच सुमारास बारा वर्षांच्या चार्ल्सला हंगरफर्ड स्टेअर्सजवळच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला बसवलं, आठवड्याला सहा शिलिंगांवर. ही गोष्ट त्याने फॉर्स्टरला सांगितली. बाहेर आली ती डिकन्सच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने चरित्र छापायला सुरुवात केली तेव्हा. क्रॅचिट कुटुंब कॅम्डेन टाउनमध्ये राहतं, आणि कारखान्याच्या आधीच्या तंगीत डिकन्सचं कुटुंबही तिथेच राहत होतं.

दुसरी कारागिरी म्हणजे वाक्यं परत फिरवणं. पहिल्या प्रकरणात वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना स्क्रूज तीन गोष्टी सुनावतो : तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस बंद पडली का, आणि मरणारे मरोत, जादा लोकसंख्या कमी होईल. पुढे टिम जगेल का असं तो काकुळतीने विचारतो तेव्हा आत्मा त्याला तिसरं वाक्य ऐकवतो. झग्याखालच्या मुलांना कुठे आसरा नाही का असं विचारतो तेव्हा पहिली दोन. पत्रकात जे चार पानं युक्तिवाद करून सांगावं लागलं असतं ते इथे दोन ओळींत होतं, आणि बोलणारा लेखक नसतो, स्क्रूजचेच शब्द असतात.

आकडेही तितकेच नेमके आहेत. बॉबचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. नाताळच्या सुट्टीवरून स्क्रूज कुरकुरतो : अर्धा क्राउन कापला तर तुला अन्याय वाटेल. अर्धा क्राउन म्हणजे अडीच शिलिंग, आणि सहा दिवसांच्या आठवड्याला पंधराचा सहावा हिस्सा बरोबर अडीच येतो. स्क्रूज एक दिवसाची मजुरी अचूक सांगतो आहे. क्रॅचिटांच्या नाताळच्या जेवणाचा हंस बेकरीतून भाजून आणला जातो, कारण असल्या घरांत चुलीवर शिजत असे, भाजायची भट्टी नसे. बेकऱ्यांना रविवारी आणि नाताळला पाव भाजायची मनाई होती, पण भट्टी तापलेली असे, म्हणून शेजारपाजारचे लोक थोडे पैसे देऊन आपापली जेवणं तिथे भाजून घेत. रविवारी हेसुद्धा बंद करावं अशी विधेयकं सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू यांनी संसदेत वारंवार आणली होती. स्क्रूज आणि वर्तमानाचा आत्मा यांच्यात या बंदीवरून एक छोटी खडाजंगी आहे. आजच्या बहुतेक संक्षिप्त आवृत्त्या ती उडवतात, कारण संपादकाला ती कळलेली नसते. पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात शिजतं आणि त्याला धुलाईचा वास येतो, हा तपशील गरिबीवरच्या एका परिच्छेदापेक्षा जास्त सांगतो.

लिहायला बसला तो ऑक्टोबरच्या मध्यावर आणि संपवलं डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत. ‘चझलविट’चे हप्ते चालूच होते. मजकूर साधारण साडेअठ्ठावीस हजार शब्द, म्हणजे कादंबरीच्या दोन हप्त्यांहूनही थोडा कमी. सहा आठवड्यांत एवढं लिहिणं हे डिकन्ससाठी विक्रम नव्हता, नेहमीचाच वेग होता. वेगळी होती ती रीत. हप्त्याच्या कादंबरीत पुढचं पुढे पाहू म्हणता येतं. हे पुस्तक एका दमात, पूर्ण आराखडा डोक्यात ठेवून लिहिलं गेलं. जानेवारी १८४४मध्ये अमेरिकन मित्र फेल्टनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की हे रचताना तो रडला, हसला, पुन्हा रडला, आणि लोक झोपल्यावर लंडनच्या काळोख्या रस्त्यांतून रात्री पंधरा-वीस मैल चालला. आकडा पत्रातला आहे, अतिशयोक्ती असेल तर त्याचीच. पण रात्रीची पायपीट ही त्याची आयुष्यभराची सवय होती.

घाईच्या खुणा शोधल्या तर सापडतात. मार्ले सांगतो की तीन आत्मे तीन लागोपाठच्या रात्री येतील. पण तसं झालं तर स्क्रूजला जाग येणार सत्तावीस-अठ्ठावीस डिसेंबरला, आणि हंस, टर्की, पुतण्याकडचं जेवण सगळंच हुकणार. मग शेवटच्या प्रकरणात खिडकीतून एका पोराला विचारून आज नाताळच आहे हे कळतं आणि स्क्रूज स्वतःशी म्हणतो की आत्म्यांनी सगळं एका रात्रीत उरकलं, त्यांना काय अशक्य. एका वाक्यात भगदाड बुजलं. मागे जाऊन मार्लेचं वेळापत्रक बदलता आलं असतं, पण त्याने ते तसंच ठेवलं. मला वाटतं बरंच केलं : स्क्रूजच्या खुशीत ती सुटका मिसळून जाते.

नाव कुठून आलं याबद्दल एक किस्सा फिरतो. एडिंबरोच्या स्मशानात एबेनेझर लेनॉक्स स्क्रॉगी या धान्यव्यापाऱ्याच्या थडग्यावरचा मजकूर डिकन्सने चुकीचा वाचला म्हणे. याला कागदोपत्री आधार मिळालेला नाही, लिहिताना वापरू नका. ‘डिकन्सने नाताळचा शोध लावला’ हेही तसंच. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८१९-२०च्या ‘स्केच बुक’मध्ये जुन्या वाड्यावरच्या इंग्लिश नाताळची वर्णनं आधीच लिहिली होती आणि डिकन्सला ती फार आवडत. ‘कॅरोल’मध्ये नाताळचं झाड नाही. ते इंग्लंडमधल्या घरोघरी गेलं १८४८मध्ये राजघराण्याचं चित्र साप्ताहिकात छापून आल्यानंतर. हेन्री कोल यांनी विक्रीसाठी पहिलं नाताळकार्ड काढलं ते मात्र याच वर्षी, १८४३मध्ये. म्हणजे सणाचा बाजार आधीच हलू लागला होता आणि पुस्तक वेळेवर पोचलं.

भेट द्यायची देखणी पुस्तकं डिसेंबरात काढायची हा धंदाही जुना होता. १८२०च्या दशकापासून ‘फर्गेट मी नॉट’, ‘द कीपसेक’ असे सोनेरी कडांचे, कोरीव चित्रांचे वार्षिक अंक नाताळच्या तोंडावर येत. (मराठी वाचकाला हे गणित समजवायला नको. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंकच होते.) डिकन्सने त्या अंकांचा थाट घेतला आणि त्यात बालमजुरीवरचा राग भरला. हाच थाट त्याला महागात पडला.

आता हिशेब. १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. प्रकाशकांवरच्या रागापोटी त्याने ठरलेली रक्कम न घेता पुस्तक स्वतःच्या जोखमीवर काढलं : खर्च सगळा त्याचा, प्रकाशकाला कमिशन, उरेल तो नफा त्याचा. साहजिकच रूप कसं असावं हे तोच ठरवणार. छोट्या आकाराची १६६ पानं, तांबूस तपकिरी कापडी बांधणी, वर सोनेरी ठसा, कडांना सोनं, जॉन लीच यांची आठ चित्रं. त्यांतली चार लाकडी ठोकळ्यांवरची, मजकुराबरोबर छापायची. चार पोलादी पत्र्यांवर कोरून वेगळी छापायची आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची. रंगछपाई परवडण्याजोगी नव्हती, त्यामुळे सहा हजार प्रतींची चार चित्रं म्हणजे चोवीस हजार कागद नमुना समोर ठेवून रंगाऱ्यांनी ब्रशने रंगवले. वर्तमानाच्या आत्म्याचा झगा मजकुरात हिरवा आहे आणि चित्रातही हिरवाच आहे. लाल झग्याच्या आजच्या नाताळबाबाशी त्याची गल्लत करू नये.

सुरुवातीच्या प्रतींत शीर्षकपान लाल-हिरवं आणि कव्हरच्या आतले कागद हिरवे केले होते. हिरव्याची छटा डिकन्सला मळकट वाटली आणि आतल्या कागदांचा हिरवा रंग हाताला लागून पसरायचा. ऐन डिसेंबरात बदल केला : शीर्षकपान लाल-निळं, आतले कागद पिवळे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात आजही प्रत हातात घेतली की आधी हे दोन रंग पाहतात, मग पहिल्या प्रकरणाचा क्रमांक रोमन आकड्यात आहे की अक्षरात.

पहिल्या सहा हजार प्रतींचा खर्च असा. छपाई ७४ पौंड २ शिलिंग ९ पेन्स. कागद ८९ पौंड २ शिलिंग. चित्रं आणि कोरीवकाम ४९ पौंड १८ शिलिंग. पोलादी पत्रे, त्यांची छपाई आणि त्यांचा कागद मिळून २४ पौंड १३ शिलिंग ६ पेन्स. रंगकाम १२० पौंड. बांधणी १८० पौंड. जाहिरात आणि किरकोळ १६८ पौंड ७ शिलिंग ८ पेन्स. प्रकाशकाचं कमिशन ९९ पौंड ४ शिलिंग ६ पेन्स. एकूण ८०५ पौंड ८ शिलिंग ५ पेन्स.

या रकमा प्रतीमागे मांडा, म्हणजे घोळ दिसतो. छपाई आणि कागद मिळून साडेसहा पेन्स. एकटी बांधणी सात पेन्सांहून जास्त, म्हणजे मजकूर छापण्यापेक्षा महाग. ब्रशचं काम जवळपास पाच पेन्स. सगळं धरून प्रत पडली साधारण दोन शिलिंग आठ पेन्सांना. आणि विक्री? छापील किंमत पाच शिलिंग, पण प्रकाशकाच्या हातात ती येत नाही. दुकानदारांची सवलत गेल्यावर खात्यावर जमा झाले ९९२ पौंड ५ शिलिंग, प्रतीमागे तीन शिलिंग चार पेन्सांच्याही किंचित आत. (कमिशन या जमेच्या बरोबर दहा टक्के आहे, आकडा ताडून पाहा.) म्हणजे लेखकाला प्रतीमागे सुटले साडेसात पेन्स.

त्याने मनाशी धरले होते हजार पौंड. साडेसात पेन्सांच्या दराने त्यासाठी बत्तीस हजार प्रती खपायला हव्या होत्या, आणि त्याही नाताळच्या आधीच्या सहा दिवसांत, कारण पुस्तक बाहेर आलं १९ डिसेंबरला. सहाच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. तरी डिसेंबरअखेर त्याच्या नावे शिल्लक निघाली १८६ पौंड १६ शिलिंग ७ पेन्स. फेब्रुवारीत हिशेब हातात पडल्यावर फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रात त्याने पहिल्या सहा हजारांचा नफा २३० धरला आणि रात्र तळमळत काढल्याचं कळवलं. १८४४च्या अखेरपर्यंत एकूण ७२६ पौंड मिळाले. इतर लेखकांच्या मानाने उत्तम, पण त्याने घरखर्च त्या हजारावर बेतला होता.

चूक कुणाची? डिकन्सने प्रकाशकांना दोष दिला, ‘ब्लॅकवुड्स’ वगळता एकाही मासिकात जाहिरात नाही अशी तक्रार केली. जाहिरातीच्या नावावर १६८ पौंड पडलेले पाहिले की ती तक्रार थोडी लंगडी वाटते. समजा रंगकाम पूर्ण टाळलं असतं, तरी नफा तीनशेच्या घरात गेला असता, हजाराच्या नव्हे. खरी अडचण किमतीची होती. त्या थाटाच्या पुस्तकाला पाच शिलिंग फार कमी होते, आणि ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांना पाच शिलिंग फार जास्त : बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. १८४४च्या उन्हाळ्यात डिकन्सने चॅपमन अँड हॉलना सोडलं आणि आपले छापखानेवाले ब्रॅडबरी अँड इव्हान्स यांनाच प्रकाशक केलं.

चोरांनीही हात मारला. ६ जानेवारी १८४४ला ‘पार्लीज इल्युमिनेटेड लायब्ररी’ या दोन पेन्सांच्या साप्ताहिकात गोष्ट ‘संक्षिप्त’ करून आली. डिकन्स चॅन्सरी कोर्टात गेला. छापणाऱ्यांचा बचाव असा की आम्ही मजकूर सुधारला आहे, टायनी टिमला गायला साठ ओळींचं गाणंही दिलं आहे. मनाईहुकूम डिकन्सच्या बाजूने मिळाला, आणि प्रतिवादींनी लगेच दिवाळं काढलं. नुकसानभरपाई दूरच, कोर्टाचा सुमारे ७०० पौंड खर्च त्याच्याच अंगावर पडला. वर्षभराचा नफा जवळपास तिथेच गेला. पुढे पुन्हा चोरी झाली तेव्हा त्याने दावा लावला नाही, आणि चॅन्सरीचा राग ‘ब्लीक हाऊस’ या कादंबरीत काढला. ५ फेब्रुवारीला लंडनमध्ये एकाच दिवशी तीन नाट्यप्रयोग सुरू झाले. त्यांतल्या अ‍ॅडेल्फी नाट्यगृहातल्या एकालाच त्याची संमती होती.

गोष्टीने पैसे दिले ते नंतर, आणि आवाजातून. २७ डिसेंबर १८५३ला बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्याने ती जाहीरपणे वाचली. ३०ला खास कामगारांसाठी सहा पेन्सांच्या तिकिटात पुन्हा वाचली. पहिल्या वाचनाला जवळजवळ तीन तास लागले. मग छापील प्रतीतच खाडाखोड करत, समासात सूचना लिहीत त्याने ती आटोपशीर केली. १८५८पासून स्वतःसाठी पैसे घेऊन वाचू लागला. १५ मार्च १८७०च्या शेवटच्या कार्यक्रमातही हीच गोष्ट होती. दर नाताळला नवं छोटं पुस्तक काढायचा प्रयोगही त्याने केला : ‘द चाइम्स’, ‘द क्रिकेट ऑन द हर्थ’, ‘द बॅटल ऑफ लाइफ’, मग एक वर्ष सोडून १८४८मध्ये ‘द हाँटेड मॅन’. खपाला तोटा नव्हता, पण ‘कॅरोल’सारखं एकही टिकलं नाही.

लिहिण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहायची असेल तर हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. डिकन्सने ते लाल चामड्यात बांधून आपला वकील मित्र थॉमस मिटन याला दिलं होतं. पानं ६६, आणि त्यांची फोटोप्रतही पुस्तकरूपाने निघालेली आहे. दर नाताळला एक पान उघडून प्रदर्शनात ठेवतात. खोडलेला मजकूर वाचता येऊ नये म्हणून त्याने वेटोळ्यांची सलग रेघ ओढलेली आहे. सुरुवातीलाच हॅम्लेटवरचं एक विषयांतर असंच काढून टाकलेलं दिसतं. बाकीच्या दुरुस्त्या बहुतेक क्रियापदांच्या आहेत, सपक क्रियापद खोडून हालचाल दाखवणारं घातलेलं. शेवटच्या पानांवर एक गोष्ट मात्र शोधूनही सापडणार नाही. टायनी टिम मेला नाही, हे सांगणारे शब्द हस्तलिखितात नाहीत. मजकूर छापखान्यात गेल्यानंतर ते घातले गेले. लिहिण्याच्या भरात त्या पोराचं पुढे काय झालं हे सांगायचंच राहून गेलं होतं.